एकच काठी, एकच अंगण: वेगवेगळ्या स्तरांच्या मुलांना विज्ञान शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शिक्षण परिषदेत, प्रशिक्षणाच्या चहाच्या सुट्टीत आणि रात्री फोनवर शिक्षक मैत्रिणी, तरुण सहकारी आणि कधीकधी पालकही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त होतं.

'विभेदित अध्यापन' म्हणजे नेमकं काय?

सहावीच्या एकाच वर्गात एक मुलगी दहावीच्या भावाचं पुस्तक चाळत असते आणि तिच्या शेजारचा मुलगा जोडाक्षरावर अडखळत असतो. दोघांचं वय सारखं, बाक सारखा, पुस्तकही सारखं. या दोघांना एकाच तासात खऱ्या अर्थानं विज्ञान शिकता यावं म्हणून आपण जी आखणी करतो, तिला प्रशिक्षणात 'विभेदित अध्यापन' म्हणतात. आपण आपसात 'स्तरानुसार शिकवणं' म्हणतो. या विषयावर सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांचं. त्यांच्या मांडणीत शिक्षक चार ठिकाणी बदल करू शकतो: काय शिकवायचं, मुलांनी ते कोणत्या वाटेनं शिकायचं, शिकलेलं कसं दाखवायचं आणि वर्गाचं वातावरण कसं ठेवायचं.

माझा अनुभव असा की विज्ञानात पहिल्या गोष्टीला शक्यतो हात लावू नये. मूळ प्रश्न सगळ्यांना एकच द्यावा आणि त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात. कमी वाचता येणाऱ्या मुलाला सोपा प्रश्न दिला की आपण त्याच्या वाट्याचं विज्ञानच कापून टाकतो. त्याचा अडसर वाचनाचा असतो, विचाराचा नसतो.

म्हणजे हुशार, मध्यम आणि कच्चे असे तीन गट करून बसवायचे का?

नाही. मी हे केलं आहे, म्हणून ठामपणे सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चाचणी घेऊन मी वर्गाच्या तीन रांगा केल्या. रांगांना फुलांची नावं दिली, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. दुसऱ्या आठवड्यात पाणी प्यायला गेलेल्या एका मुलीला दुसरीनं हाक मारलेली मी ऐकली, "ए, ती मोगऱ्याची ना तू, ढ रांगेतली!" मुलांना सगळं कळतं. त्या मुलीनं वर्षभर हात वर केला नाही. पुढच्या वर्षी तीच मुलगी चुंबकाच्या प्रयोगात सगळ्यांच्या पुढे होती, तेव्हा मला माझ्या रांगांची किंमत कळली.

गट करावेत, पण ते कामापुरते. आज वाचनासाठी एक गट, उद्या मोजमापासाठी दुसरा, परवा आवडीनुसार तिसरा. गट फिरता असला की कुणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. भाषा आणि गणितात मुलांना स्तरानुसार काही काळ वेगळं बसवून शिकवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे आणि वाचन, लेखन, आकडेमोडीच्या पायाभूत कामात तिचा उपयोग होतो. विज्ञानाचं तसं नाही. अंदाज बांधायला, नीट बघायला, 'असं का?' विचारायला कुठल्या स्तराची अट नाही.

एखादा धडा प्रत्यक्ष कसा घेता ते सांगाल?

सावलीचा सांगते. दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेते, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं.

साहित्य: एक मीटरची सरळ काठी, वाळूनं भरलेली बादली, खडू, मोजपट्टी आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला दगड. काठी उभी सरळ आहे की नाही हे त्यानं तपासायचं. गवंडी काम करणाऱ्या घरातलं एखादं मूल वर्गात असतंच, हे काम त्याच्याकडे द्यावं. बादली अंगणातल्या फरशीवर ठेवायची आणि साडेअकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. बारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी.

सुरू करण्याआधी सगळ्यांना एकच प्रश्न असतो: सावली सगळ्यात आखूड किती वाजता होईल आणि तेव्हा ती कुठल्या दिशेला असेल? प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा किंवा लिहायचा. बहुतेक जण 'बारा वाजता' म्हणतात. 'बाराला सावली नाहीशी होते' असं म्हणणारेही पुष्कळ असतात.

मग कामं वाटली जातात. ज्यांना लिहिणं जड जातं ते खुणा करतात, पण प्रत्येक खुणेआधी पुढची खूण कुठे पडेल तिथे बोट ठेवून दाखवायचं, ही त्यांना अट. अंदाज बांधण्याचं खरं काम तेच आहे. ज्यांना मोजता येतं ते सेंटिमीटरमध्ये मोजून तक्ता भरतात. सातवीची मुलं वेळ आणि लांबी यांचा आलेख काढतात. आठवीतले दोघे-तिघे काठीभोवती वर्तुळ आखतात. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं आणि दुपारी पुन्हा जिथे शिवतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, होकायंत्राशिवाय. जुन्या भारतीय ज्योतिषात अशा काठीला शंकू म्हणत, हेही तेव्हाच सांगून होतं.

एका वर्षी सहावीतला एक मुलगा होता. वाचायला दिलं की अंग चोरायचा. सुट्टीच्या दिवशी शेळ्या चारायला जायचा. खुणा करताना त्याचं बोट दरवेळी जवळजवळ बरोबर जागी पडत होतं. तक्ता भरणाऱ्या मुली चकित झाल्या. कसं कळतं विचारलं तर म्हणाला, "बाई, माळावर घड्याळ कुठंय? बाभळीची सावली बांधाला लागली की घरी निघायचं." त्या दिवशी आलेख काढणाऱ्या मुली त्याला विचारून रेषा पुढे नेत होत्या. त्याचा स्तर मी कोणत्या रकान्यात लिहायला हवा होता?

आणि सावली बाराला आखूड होतच नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे, बीड 75.8 अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमच्याकडे सूर्य सरासरी 27 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मुंबईत हाच फरक 38 मिनिटांचा, नागपुरात 14 मिनिटांच्या आसपास. शिवाय ऋतूप्रमाणे ही वेळ मागेपुढे सरकते: आमच्या अंगणात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या थोडं आधीच सावली आखूड होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएक व्हायला आलेला असतो. सहावीच्या मुलाला 'बाराला होत नाही' एवढं स्वतःच्या खुणांवरून दिसलं तरी पुरे. 'का होत नाही' हे आठवीच्या मुलांनी शोधायचं. काठी मात्र सगळ्यांची तीच.

एवढं सगळं एका तासिकेत कसं बसवायचं?

बसत नाही. मी दोन तासिका जोडून घेते आणि खिचडीच्या सुट्टीत खुणा करायला मुलं आपणहून थांबतात. वर्षात असे सात-आठ धडे झाले तरी भरपूर. बाकीच्या धड्यांना छोटे बदल पुरतात.

प्रयोग दाखवला, मुलांना मजा आली, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच सांगता येत नाही. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा चूक प्रयोगाच्या आधी झालेली असते. मुलांच्या डोक्यात आधीपासून एक समजूत असते. ती बाहेर काढली नाही तर प्रयोग शेजारून निघून जातो आणि समजूत जागेवर राहते.

दिव्याचं उदाहरण घ्या. चौघांच्या गटाला एक साधा दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा जुना तारेचा बल्ब आणि एकच वायरचा तुकडा द्या. होल्डर देऊ नका. आधी वहीत चित्र काढायला सांगा: 'कसं जोडलं तर बल्ब लागेल?' मी दरवर्षी ही चित्रं गोळा करते. निम्म्याहून जास्त चित्रांत सेलच्या वरच्या टोकापासून वायर निघून बल्बच्या बुडाशी जाते आणि तिथेच संपते. मुलांच्या मनात वीज नळाच्या पाण्यासारखी आहे: टाकीतून निघाली, पाईपमधून आली, बल्बमध्ये पडली. परत जायची गरजच काय?

मग जोडून बघायला सांगा. लागत नाही. सेल संपलाय, बल्ब गेलाय, असं सगळं म्हणून होतं. दुसरा सेल मागतात. तो देऊनही लागत नाही. ही पाच-सात मिनिटं फार मोलाची. इथे शिक्षकानं हात मागे बांधून उभं राहावं, मला सगळ्यात अवघड हेच जातं. मग कुठल्यातरी कोपऱ्यातून "बाई, लागला!" अशी आरोळी येते आणि सगळा वर्ग तिकडे धावतो.

लागलेली जोडणी लगेच चित्रात उतरवायची. बल्बला दोन जागी स्पर्श हवा, बुडाच्या टोकाला आणि बाजूच्या धातूच्या कवचाला, आणि सेलच्याही दोन्ही टोकांना. मंडल पूर्ण व्हायला हवं, हे वाक्य फळ्यावर लिहायची वेळ आता येते, आधी नाही.

वाटा इथेच फुटतात. ज्यांना एक जोडणी सापडली त्यांना म्हणा, अजून शोधा, एकूण चार प्रकारे लागतो. ज्यांना चारही सापडल्या त्यांना लाल एलईडी द्या. ती एका सेलवर लागतच नाही, दोन सेल जोडावे लागतात, मध्ये 100 ओहमचा रोधक ठेवावा आणि उलटी जोडली तर मुळीच लागत नाही. बल्बला उलटसुलट चालतं, एलईडीला का चालत नाही, हा प्रश्न घेऊन मुलं घरी जातात. आणि ज्यांचा अजून लागलेला नाही त्यांच्या शेजारी बसा. त्यांना उत्तर सांगू नका. बल्ब उघड्या डोळ्यांनी नीट बघायला लावा: आतल्या तारेची दोन टोकं कुठे कुठे जातात?

तारेचे छोटे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, जुन्या बॅटऱ्यांतून काढून जपून ठेवावेत. नाण्यासारखे बटण-सेल वापरत असाल तर ते तासाआधी आणि तासानंतर मोजून घ्या. लहान मुलानं गिळला तर तो सेल जीवघेणा ठरू शकतो.

आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही. कसं करणार?

प्रयोगशाळा असलेल्या कित्येक शाळांत कपाटाला कुलूप असतं, म्हणून मी आधी मनातली ही अडचण बाजूला ठेवायला सांगते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 खेड्यांतल्या माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची आणि निष्कर्ष वर्गात चर्चेतून काढायचे. 1978 मध्ये तो जिल्हाभर पोचला, 1982 पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला आणि 2002 मध्ये बंद होईपर्यंत तीस वर्षं चालला. परीक्षेला पुस्तक उघडायची परवानगी होती आणि प्रात्यक्षिकही द्यावं लागे. साध्या सरकारी शाळांत हे झालं. याच कार्यक्रमाच्या निमित्तानं तिथे गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली. ती कशी करायची ते इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतं, मराठीतही.

स्वयंपाकघराकडेही बघा. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि आईनं साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. हळद हा दर्शक आहे, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंगावरून दाखवणारा पदार्थ. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, लिंबू, चिंचेचं पाणी, ताक. जास्वंदीची फुलं गरम पाण्यात ठेवली की दुसरा दर्शक तयार: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. एकाच तासात कुणी फक्त रंग बघून दोन ढीग करतं, कुणी 'लाल झालेला हळदीचा कागद लिंबानं परत पिवळा होईल का' हे तपासतं, तर कुणी थेंब मोजून किती लिंबू लागतं ते लिहितं. चुन्याची निवळी डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी घ्या, आणि चाखून बघणं सक्त बंद.

वर्गात पंचावन्न मुलं आहेत. गट केले की नुसता गोंगाट होतो.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. वस्तुस्थिती बरेचदा वेगळी असते आणि हे दुखणं आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढं: गट चारचा ठेवा, त्याहून मोठा नको. पाचवं-सहावं मूल नुसतं बघत राहतं आणि गोंगाट तिथून सुरू होतो. प्रत्येकाला काम नेमून द्या: एक साहित्य हाताळणार, एक मोजणार, एक लिहिणार, एक गटातर्फे सांगणार.

आणि ही कामं दर तासाला फिरवा. हे मी जीव तोडून सांगते, कारण माझ्याच वर्गात अनेक वर्षं मुलगे वायरी जोडत राहिले आणि मुली सुंदर अक्षरात नोंदी करत राहिल्या, आणि मला ते खटकलंसुद्धा नव्हतं. ज्या दिवशी कामं सक्तीनं बदलली त्या दिवशी एका मुलीच्या हातात पहिल्यांदा सेल आला. आठवीत होती ती.

दोनशिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवी एकत्र बसतात. तिथे काय करावं?

तिथे हे सगळं अधिक स्वाभाविकपणे जमतं, फक्त तीन वर्गांना तीन वेगळे पाठ द्यायचा हट्ट सोडावा लागतो. परिसर अभ्यासातला एक विषय घ्या. मटकी भिजवा. तिसरीतल्यांनी रोज चित्र काढायचं, चौथीतल्यांनी मोड मोजपट्टीनं मोजायचे, पाचवीतल्यांनी एक वाटी अंधारात, एक उजेडात, एक कोरडी ठेवून काय फरक पडतो ते सांगायचं. मटकीला मोड यायला उजेड लागत नाही, हे पाहून मोठीसुद्धा चक्रावतात. लहान मुलं मोठ्यांच्या वाट्या बघत बघत पुढच्या वर्षाचं शिकून घेतात.

काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून. त्याप्रमाणे गट करावेत का?

करू नयेत. हे प्रशिक्षणांत अजून शिकवलं जातं, म्हणून सविस्तर सांगते. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं तोपर्यंतचं संशोधन तपासलं. मुलाला त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्यानं ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आवडीनिवडी असतात, नाही असं नाही. पण 'तू ऐकून शिकणारा' म्हणून एखाद्या मुलाच्या हातातला बल्ब काढून घेणं अन्यायाचं आहे. सगळ्यांनी बघावं, ऐकावं, हातानं करावं आणि बोलावं. फरक करायचा तो मुलाला आधीपासून काय येतं यावरून.

पाठ्यपुस्तकातले शब्दच मुलांना कळत नाहीत. अपवर्तन, प्रकाशसंश्लेषण, अभिसरण...

शब्द शेवटी द्या. आधी वस्तू, मग मुलांची बोली, मग पुस्तकातला शब्द. पाण्यातली पेन्सिल वाकडी दिसते, हे मुलं आपल्या भाषेत दहा प्रकारे सांगतात. ती दहाही वाक्यं फळ्यावर येऊ द्या. मग म्हणा, या सगळ्याला मिळून एक नाव आहे: अपवर्तन. शब्द फोडूनही दाखवता येतो. प्रकाशसंश्लेषणात 'प्रकाश' त्यांच्या ओळखीचा, 'संश्लेषण' म्हणजे जोडून नवं बनवणं.

अहिराणी, कोरकू, गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत ही पायरी गाळली तर मूल विज्ञान आणि प्रमाण मराठी असे दोन डोंगर एकदम चढत असतं. शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं. भिंतीवर एक शब्दतक्ता लावा: एका रकान्यात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात मुलांच्या घरातला, तिसऱ्यात चित्र. तो तक्ता मुलांनीच भरावा. आपल्यालाही त्यातून पुष्कळ शिकायला मिळतं.

प्रश्न विचारला की तीच चार मुलं उत्तर देतात. बाकीची गप्प.

थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मी मनात पाचपर्यंत मोजते. आधी शेजाऱ्याशी बोलून घ्या असं सांगितलं, तर गप्प मुलांना बोलायचं धाडस येतं.

दृष्टिहीन किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला प्रयोगात कसं घ्यायचं?

बाजूला बसवून 'तू ऐक हं' म्हणू नये, एवढं पहिलं. दृष्टिहीन मुलाला सावली दिसत नाही, पण फरशीवर खुणांच्या जागी चिंचोके चिकटवले की सावलीचा सगळा प्रवास त्याच्या बोटांना कळतो. आकृत्यांवर डिंकानं लोकरीचा धागा चिकटवा. दिव्याच्या प्रयोगात बल्बऐवजी छोटा बझर लावा; मंडल पूर्ण झालं की आवाज येतो. माझ्या वर्गात बझर आणला तेव्हा तो सगळ्यांनाच हवा होता. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळा आणि सूचना चित्रांत लिहून ठेवा. त्याच सूचना अडखळत वाचणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

हुशार मुलं लवकर संपवून बसतात. त्यांना जास्तीचे स्वाध्याय द्यावेत का?

जास्तीचं तेच ते काम ही त्यांना शिक्षा वाटते. काम खोल न्या. 'हे मोजमाप चुकीचं असू शकतं का? किती?' असं विचारा. एकच सावली चौघांना मोजायला लावा, चार आकडे वेगळे येतात, आणि सहावी-सातवीतलं मूल मोजमापातल्या अनिश्चिततेवर विचार करायला लागतं. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, तीत प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्पही असतो. गावच्या मुलांना तिची माहितीच नसते, ती सांगा. मात्र अशा मुलांना कायम 'छोटे शिक्षक' करून ठेवू नका. त्यांनाही शिकायचं असतं.

पालक म्हणतात, "बाई खेळ खेळवतात, शिकवत नाहीत." आणि परीक्षेचं काय?

पालकांना वर्गात बोलवा आणि सेल-बल्ब त्यांच्या हातात द्या. माझ्या पालकसभेत निम्मे लोक पहिल्या खेपेला बल्ब लावू शकले नाहीत, आणि त्यानंतर खेळाचा विषय निघाला नाही.

पालकांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नये. प्रयोगानंतर शेवटची दहा मिनिटं वहीसाठी राखून ठेवा. काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय म्हणता येतं, हे तीन भाग प्रत्येकानं आपल्या परीनं लिहायचे. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर प्रत्येकी 40 गुणांचे आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्यानं हातानं केलं आहे त्याला 'कारणे द्या' पाठ करावं लागत नाही.

वेगवेगळी कामं दिली तर गुण कसे द्यायचे?

आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिकची, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची, साधनं मुळातच अनेक आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. ही सोय याच कामासाठी आहे, पण सगळे रकाने वर्षाअखेरीस एका बैठकीत भरले गेले की ती वाया जाते. मी खिशात छोटी डायरी ठेवते. रोज फक्त पाच मुलांबद्दल एकेक ओळ. 'आज अंदाज चुकला तेव्हा परत मोजून पाहिलं.' महिनाभरात सगळा वर्ग होतो.

निकष सगळ्यांना एकच ठेवा: अंदाज सांगितला का, पुरावा दिला का, पुराव्यावरून बोलला का. हे तोंडी, चित्रातून किंवा लिहून, कसंही दाखवू द्या. लेखी चाचणी सगळ्यांना द्यावीच लागते. ती देण्याआधी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा.

टाचणात हे कसं लिहायचं?

एक अध्ययन निष्पत्ती, म्हणजे धड्यानंतर मुलाला काय यायला हवं ते, आणि त्याखाली तीन ओळी: आधार लागणाऱ्यांसाठी काय, सगळ्यांसाठी काय, पुढे जाणाऱ्यांसाठी काय. केंद्रप्रमुखांना हे पुरतं.

मुलांनी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर मलाच येत नाही, तर?

वर्गातल्या एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर अशी यादी असते. 'काळ्या बुरशीला उजेड लागतो का?' 'मधमाशी रात्री झोपते का?' काहींची उत्तरं आम्ही करून शोधली, काहींची वाचून, काही तशीच आहेत. सावली बाराला का आखूड होत नाही, हा प्रश्नही आधी याच कागदावर आला होता. तेव्हा मला त्याचं पूर्ण उत्तर येत नव्हतं.

ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यांचं काय?

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास वर्गाचा एक भाग आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या गावी निघून जातो. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही तिकडच्या शाळेत बसतात, बरीच कोपीवरच, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवरच असतात. परत आल्यावर 'मागे पडलेली' म्हणून त्यांना जुन्या धड्यांच्या झेरॉक्स द्यायचे, हे मीही बरीच वर्षं केलं.

आता जाताना प्रत्येकाला एक मीटर लांब दोरी, एक वही आणि एक काम देते: तिकडे काठी दोरीएवढी कापून घे आणि 22 डिसेंबरला दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली मोज. बीडच्या अंगणात त्या दिवशी एक मीटर काठीची सावली साधारण 91 सेंटिमीटर भरते. कोल्हापुरात ती 84 च्या आसपास असते, कारण कोल्हापूर सव्वादोन अंश दक्षिणेला आहे. सात सेंटिमीटरचा हा फरक साध्या मोजपट्टीनं दिसतो. पृथ्वी गोल आहे म्हणून हा फरक पडतो, आणि तिकडचा आकडा गावात राहिलेल्या एकाही मुलाकडे नसतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक मुलगी परत आली. वहीच्या पानाला उसाच्या पाचटाचा वास होता आणि त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं: '22 डिसेंबर, 85'. मी ते फळ्यावर आमच्या 91 च्या शेजारी लिहिलं आणि खडू तिच्या हातात दिला.